ओढाताण

आमच्या पंचवटीत ओढणं ही गोष्ट कुणी हलक्यानं घेत नाही. चैत्रात कामदा एकादशीला काळारामाच्या मंदिरातून रथ निघतात. पुढं गरुडरथ, मागं रामरथ. त्यांना बैल नाहीत, घोडे नाहीत आणि इंजिन तर नाहीच. जाडजूड दोर असतात आणि ते धरायला माणसं असतात. रामरथापुढं मानाचे बुवा रथाकडे तोंड करून चालतात, म्हणजे उलटे चालतात. लहानपणी मला रामापेक्षा या बुवांचीच काळजी जास्त वाटायची. कारण मी सुलटा चालतानासुद्धा मालेगाव स्टँडच्या उतारावर दोनदा पडलेलो होतो.

ओढण्याचा हा मान काही साधा नव्हे. डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, आणि त्याच वर्षी एप्रिलात रथाला हात कुणी लावायचा यावरून पंचवटीत दगड पडले. देवाचा रथ जड असतो, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात देणं माणसांना त्याहून जड गेलं. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. पुढं वाचनात आलं तेव्हा लहानपणी आजीनं मला गर्दीतून पुढं ढकलत ‘दोराला हात लावून ये’ म्हटलेलं आठवलं. मला ते किती सहज मिळालं होतं, याची थोडी लाजही वाटली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामांचा नातू. मामा दिंडोरी तालुक्यातले, द्राक्षबागाईतदार, वय वर्षं नव्वद. नातू अठ्ठावीसचा. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला, चहा निवेपर्यंत मोबाईल माझ्या नाकासमोर धरून बसला आणि म्हणाला, “काका, हे बघा. ट्रॅक्टर पुलिंग.”

मी पाहिलं. अमेरिकेतलं एक मैदान, एक ट्रॅक्टर, त्याच्या मागं एक अवजड घसरगाडी, आणि सरणावर ओलं लाकूड ठेवावं तसा काळा धूर. ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून घोड्यासारखा उभा राहिला, थोडा धावला आणि थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मग? नांगरलं काय?” मी विचारलं.

“काही नाही. नुसतं ओढायचं.”

मी आयुष्यभर बँकेत नुसतं ओढलेलं असल्यामुळं मला त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही दिसलं नाही. पण निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि वेळ असला की माणूस इतिहासाकडे वळतो. मी वाचायला बसलो.

तर हा खेळ १९२९ सालापासूनचा. अमेरिकेतल्या मिसूरी आणि ओहायो या दोन राज्यांत तो पहिल्यांदा झाला. त्याआधी हीच ओढाताण घोड्यांच्या जोड्यांची होई. कुणाचे घोडे दांडगे, हा वाद शेतकऱ्यांत जगभर असतो. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, वाद राहिला. रविवारी ओढायचं आणि सोमवारी त्याच ट्रॅक्टरनं नांगरायचं, अशी तिकडे म्हणच होती. मग १९६९ साली काही राज्यांतल्या मंडळींनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली आणि नियम बांधले. धाव ३०० फुटांची. सबंध ३०० फूट ओढलं की ‘फुल पुल’.

यातली घसरगाडी मोठी लबाड असते. तिच्यावर वजनांची पेटी असते. सुरुवातीला ती मागं, चाकांवर असते, त्यामुळं गाडी हलकी वाटते. ट्रॅक्टर जसजसा पुढं जाईल तसतशी ही पेटीही पुढं सरकते, वजन चाकांवरून उतरतं आणि गाडीचं पुढचं तळ जमिनीवर दाबलं जातं. म्हणजे जितकं पुढं जावं तितकं ओझं वाढतं. हे वाचून मी हिला म्हटलं, “हा तर आपला संसार झाला.” ही म्हणाली, “आपल्याकडे पेटी तेवढी माझ्या बाजूला सरकली.”

ही यांत्रिक पेटी येण्यापूर्वीची पद्धत मला फार आवडली. मैदानाच्या कडेनं ठराविक अंतरावर माणसं उभी करत. घसरगाडी जवळ आली की एकेकजण तिच्यावर पाऊल ठेवी. असं वजन वाढत जाई. आता हे आपल्याला नवीन का आहे? शेतात ढेकळं फोडायला बैलांमागं फळी मारतात, तेव्हा वजनाला तिच्यावर माणूस उभा राहतोच. आणि आमच्या जिल्ह्यात ओझरला चंपाषष्ठीच्या यात्रेत खंडोबाच्या बारा गाड्या ओढतात, खानदेशात तर त्या भगत ओढतो. एकीला एक जोडलेल्या गाड्या, आणि त्यांच्यावर चढायला उत्सुक माणसं. ओढणारा दमतो की नाही याची चौकशी त्यावर बसलेला माणूस करत नाही, ही रीत दोन्ही देशांत सारखीच.

पंजाबात याचा चुलतभाऊ आहे, त्याला टोचन म्हणतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून जोडायचे आणि एकमेकांना ओढायचं. पण हौसेचं सोंग होतं आणि सोंगाचं संकट होतं. ट्रॅक्टरच्या कसरती करताना एका तरुणाचा जीव गेल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात पंजाब सरकारनं अशा जीवघेण्या कसरतींवर बंदी आणली. कारण साधं आहे. साखळी मागच्या आसाच्या वर बांधली की ओढ वरून लागते, पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर उलटून चालवणाऱ्याच्याच अंगावर येतो. मामांना मी हे मोठ्या अभ्यासूपणे सांगितलं. मामा म्हणाले, “साखळी खाली बांधायची. यात वाचायचं काय?”

खरी गंमत पुढं आहे. खेळ म्हटला की जिंकणं आलं, आणि जिंकणं आलं की इंजिन आलं. १९७० नंतर एक असा गिअरचा पेटारा निघाला की त्यातून दोन-दोन, चार-चार इंजिनं एकाच दांड्याला जोडता येऊ लागली. मग काय! दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची ॲलिसन इंजिनं ट्रॅक्टरवर चढली. पुढं हेलिकॉप्टरची टर्बाइनं चढली. त्यात ट्रॅक्टर किती उरला हा प्रश्न विचारायचा नाही.

पण जुन्या ट्रॅक्टरांचा वर्ग वेगळा असतो. तिथं सगळं सोज्वळ. पन्नाशीच्या दशकातले किंवा त्याआधीचे ट्रॅक्टर, सावकाश चाल, धूर बेताचा. आणि सोज्वळ मंडळींच्या भानगडी नेहमीच अधिक बारकाईच्या असतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल एम हा ट्रॅक्टर १९३९ ते १९५२ पर्यंत निघत होता. त्याचं इंजिन २४८ घनइंचांचं. याच कुळातला पुढचा फार्मॉल ४५०, त्याचं इंजिन २८१ घनइंचांचं. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी. तेव्हा एमच्या पोटात ४५० चं इंजिन बसवायचं, वर जुनाच लाल रंग द्यायचा आणि साळसूद चेहऱ्यानं मैदानात उतरायचं. अंगरखा आजोबांचा, काळीज नातवाचं. मग परीक्षक ओतीव लोखंडावरचे आकडे चष्मा लावून वाचतात, जसे आपल्याकडे मुलीचे मामा पत्रिकेतली रास वाचतात.

कारखान्यांनीसुद्धा हे उद्योग केलेले आहेत. इंग्लंडात फोर्डसन मेजर हा ट्रॅक्टर होता. त्याला १९४८ पासून पर्किन्सचं पी-६ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून मिळू लागलं. अमेरिकेत कान्सासमध्ये फंक नावाचे जुळे भाऊ विमानं बनवीत. विमानांचा धंदा बसल्यावर त्यांनी फोर्डच्या लहानखुऱ्या ८एन ट्रॅक्टरात सहा सिलिंडरचं, नाहीतर आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवायचं सामान विकायला काढलं. शंभर घोड्यांचं ते इंजिन त्या छोट्या ट्रॅक्टरात म्हणजे मुंजीच्या बटूला पैलवानाची भूक.

आणि नावाला भुलू नये, हा धडा तर ट्रॅक्टरच्या इतिहासात पहिल्याच पानावर आहे. मिनियापोलिसच्या एका कंपनीनं फोर्ड आडनावाचा एक गृहस्थ शोधून काढला आणि ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. नेब्रास्कातल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्यानं तो घेतला आणि पस्तावला. पण हा शेतकरी आमदार होता. त्यानं १९१९ साली कायदाच करवून घेतला की परीक्षा पास झाल्याशिवाय नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून तिथल्या विद्यापीठात ट्रॅक्टरला प्रत्यक्ष ओढायला लावून त्याची ताकद मोजू लागले. आपल्याकडेही फसवले गेलेले लोक आमदार होतात. पण बहुधा क्रम उलटा असतो.

इथवर मी नातवाला ऐकवलं. तो म्हणाला, “काका, ते सोडा. आजोबांचा बी-२७५ आहे ना गोठ्यात? तो मला काढायचाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण गोठ्यात बी-२७५ होता हे खरं, पण त्याचं इंजिन कुठं होतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते जीपमध्ये होतं. आणि ते तिथं जाताना पाने हातात द्यायला मी स्वतः हजर होतो.

ही हकीकत पंचवटीतलीच. त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं महिंद्रा आणि व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ साली मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली. कांदिवलीला बी-२७५ होऊ लागला. पस्तीस घोड्यांचा. मामांनी तो १९६८ साली घेतला, तेव्हा गावानं त्याला हार घातला आणि मामीनं कुंकू लावलं. बारा वर्षं त्यानं राबून काढली. मग १९८० च्या उन्हाळ्यात त्याचं मागचं डिफरन्शियल मोडलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून मामा त्याच्या पुढच्या चाकावरच बसले. इंजिन मात्र ठणठणीत होतं.

त्याच वेळी मामांच्या दारात एक जुनी पेट्रोल जीप होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे चढले होते की मामा जीप सुरू करण्यापूर्वी देवाला आणि मामीला, दोघांना विचारत. मामांनी हिशेब केला: इथं इंजिन आहे, चाकं नाहीत; तिथं चाकं आहेत, इंजिन परवडत नाही. दोन अपंगांचा एक धडधाकट करावा.

तेव्हा असा विचार करणारे मामा एकटे नव्हते. मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं १९५० च्या दशकात पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवायला घेतली होती, आणि पेट्रोल उतरवून डिझेल चढवलेले ट्रक नि टॅक्स्या देशभर धावत होत्या. खुद्द जीपवाल्या महिंद्रांनीही ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपला लावलं. ट्रॅक्टर कंपनी १९७७ साली महिंद्रातच विलीन झाली होती, तेव्हा ही सगळी घरातल्या घरात सोयरीक. अमेरिकन माणूस इंजिन बदलतो ते जिंकायला. आमचा माणूस बदलत होता ते महिनाअखेर गाठायला.

आडगाव नाक्याजवळच्या एका मिस्त्रीनं ‘तीन दिवसांत देतो’ म्हणून काम घेतलं. एकोणीस दिवस लागले. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि बँकेतून सुटल्यावर तिथं जाऊन उभा राहत असे. कडुनिंबाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून इंजिन वर ओढलं, तेव्हा ते ट्रॅक्टर आणि जीप यांच्यामध्ये त्रिशंकूसारखं लोंबकळत राहिलं. मामा त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत होते की मी हळूच त्यांच्या हाताला हात लावला.

मग कळलं, पत्रिका जुळत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाची भोकं आणि जीपच्या गिअरबॉक्सची भोकं यांची तोंडं दोन दिशांना. लेथवाल्यानं मध्ये बसवायला जाड पोलादी प्लेट कातून दिली. ती मध्यस्थ. पण मध्यस्थ केसभर जरी एका बाजूला कलला तरी गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा भुगा, म्हणून ती तीन वेळा कातावी लागली. मग पंखा रेडिएटरला लागायला लागला. रेडिएटर पुढं सरकवला. डिझेलचं वजन जास्त, जीपनं नाक खाली घातलं. पुढच्या पाट्यांत आणखी एकेक पान घातलं. सगळं झाल्यावर मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं आणि कडुनिंबावरचे कावळे रामकुंडापर्यंत गेले.

जीप चालली. फक्त पन्नासच्या वर जाईना. मामांना वाटलं मिस्त्रीनं काही दाबून ठेवलंय. मिस्त्रीनं समजावलं, “मामा, पेट्रोलचं इंजिन मिनिटाला चार हजार फेरे मारायचं. हे दोन हजारांतच समाधानी. जीपचे दात तेच, चाकं तीच. मग वेग निम्मा नाही होणार?” मामांना हे पटलं. मामीला मात्र त्या जीपमध्ये बसल्यावर बोलता येत नसे, कारण दात एकमेकांवर आपटत. मामांनी हाही फायद्यातच धरला.

कागदपत्रांची एक मौज झाली. मामांनी मला विचारलं, “आता हिला जीप म्हणायचं की ट्रॅक्टर?” मी म्हटलं, “मामा, चासी नंबर म्हणजे गोत्र, ते जन्माचं. इंजिन नंबर म्हणजे लग्नानंतरचं आडनाव. बदलतं, पण नोंद करावी लागते.” आता कायदा अधिक कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कारखान्यानं गाडी जशी ठरवली त्याच्याविरुद्ध फेरफार चालायचे नाहीत. आज मामांना हे जमलं नसतं.

पुढची तीस वर्षं त्या जीपनं काय काय ओढलं! द्राक्षांच्या पेट्या दिंडोरी रोडच्या बाजार समितीत, चार लग्नांची वऱ्हाडं, दोन मयतं. आणि एकदा रात्री दोन वाजता अडलेल्या सुनेला नाशिकपर्यंत. पन्नासच्या वेगानं. मामा नंतर सांगत, “मी शिव्या देत होतो इंजिनाला, पण ते बिचारं तेवढंच पळू शकत होतं.” पोर वाटेत झालं नाही, दवाखान्यात झालं. तेच हे पोर, जे आता माझ्यासमोर बसून ट्रॅक्टर काढायचा म्हणत होतं.

नातवाचा बेत सोपा होता. जीप तशीही कागद संपल्यापासून उभीच होती. पण तिला हात लावायचा म्हणजे आजोबांना हात लावण्यासारखं. म्हणून तो म्हणाला, “आजोबा, जीप राहू द्या. मी दुसऱ्या मोठ्या ट्रॅक्टरचं इंजिन आणतो, बी-२७५ च्या बॉनेटखाली बसवतो. टर्बो लावतो. बाहेरून कुणाला कळणार नाही.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि जिंकलास, तर जिंकलं कोण म्हणायचं?”

नातवाला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी तर एवढं वाचलेलं होतं. मामा उठून आत गेले. आठ दिवस त्यांनी विषय काढला नाही. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी जीपची किल्ली नातवाच्या हातात दिली. “हिचं नाही ते. उसनं आणलं होतं. देऊन टाक ज्याचं त्याला.”

मग पुन्हा पंचवटी. मिस्त्री गेले, त्यांचा मुलगा गॅरेज बघतो. नातवानं भंगारातून एक धड डिफरन्शियल पैदा केलं होतं. कडुनिंब तोडला गेलाय, त्या जागी लोखंडी घोडी आहे. या वेळी पत्रिकेची अडचण आली नाही. भोकं आपापल्या भोकांना ओळखून बसली. मिस्त्रीच्या मुलानं ती मध्यस्थ प्लेट काढली, पुसली, पाठीमागं बापानं छिन्नीनं घातलेली खूण पाहिली आणि म्हणाला, “ही मी ठेवली तर चालेल?” मामांनी मान हलवली.

इंजिन सुरू झालं. मामांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले.

संध्याकाळी ट्रॅक्टरनं जीपला गावी ओढत नेलं. पुढं नातू, मागं दोराला बांधलेल्या जीपच्या स्टिअरिंगवर मामा. दुसऱ्या कुणाला बसू देईनात. म्हसरूळ मागं पडलं, रामशेजचा किल्ला दिसायला लागला. मी मोटारीतून मागोमाग होतो. मामांच्या जीपला इंजिन नव्हतं तरी ते चढाला गिअर बदलत होते.

स्पर्धेचं मैदान काही मिळालं नाही. तेव्हा नातवानं रिकाम्या शेतात टेपनं ३०० फूट मोजले. घसरगाडी म्हणून फळी. साखळी खाली, ड्रॉबारला. ती मामांनी स्वतः पाहिली. गिअर पहिला. वजन म्हणून वीस-वीस फुटांवर आम्ही नातेवाईक उभे. एकेकजण फळीवर चढत गेला. दोन मामेभाऊ, सुना, पोरं, शेजारचा पाटील. ट्रॅक्टर गुरगुरत चालला होता. २४० फुटांवर माझा नंबर होता. मी फळीवर पाय ठेवला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून मातीत बसली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नातवानं बॉनेट उघडलं, पंप पाहिला, नोझल पाहिले. त्याला काही दोष सापडेना.

बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या मामांनी ओरडून सांगितलं, “इंजिनाला हात लावू नको रे! इंजिन तेच आहे. भाचा बदललाय.”